विश्लेषण : पाळीव सापाच्या टाकीत बारीक किडे दिसले तर? ओळखायचे कसे, घालवायचे कसे?

पाळलेला बॉल पायथन एरवी दिवसभर आडोशाला वेटोळे घालून पडून असतो. तोच साप दोन-तीन दिवस पाण्याच्या भांड्यातच बसून राहिला आणि पाण्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसू लागले, तर सावध व्हायला हवे. मात्र टाकीत दिसणारा प्रत्येक बारीक जीव सापाचे रक्त पिणारा नसतो. किडा न ओळखता थेट डास मारण्याचा स्प्रे फवारला, तर किड्यांआधी सापाचाच जीव धोक्यात येतो.

टाकीत कोणते जीव आढळतात?

मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला स्प्रिंगटेल. पांढरट किंवा राखाडी, एक-दोन मिलिमीटरचा हा जीव हात लागताच टुणकन उडी मारतो. तो बुरशी खातो, सापाला त्रास देत नाही. काही जण तर टाकी स्वच्छ राहावी म्हणून तो मुद्दाम सोडतात. दुसरा प्रकार ओलसर लाकूड, कोकोपीट किंवा कुजणाऱ्या अन्नावर वाढणाऱ्या फिकट रंगाच्या माइट्सचा. त्याही रक्त पीत नाहीत, पण टाकीत ओल वाढली आहे हे त्यांच्यामुळे कळते.

खरा शत्रू तिसरा. त्याचे नाव स्नेक माइट, शास्त्रीय नाव ‘ओफिओनिसस नॅट्रिसिस’. हा कीटक नाही, तर आठ पायांचा, गोचीड आणि कोळ्याच्या कुळातला जीव आहे. पूर्ण वाढलेली मादी साधारण एक मिलिमीटरची असते. रक्त प्यायल्यावर ती गडद, जवळपास काळी दिसते.

घरच्या घरी कसे ओळखावे?

पांढरा टिश्यू पेपर किंचित ओला करून सापाच्या मानेपासून शेपटीपर्यंत अलगद फिरवा. त्यावर काळे ठिपके आले आणि ते चिरडल्यावर लालसर डाग पडला, तर तो स्नेक माइट समजावा. डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची घडी आणि खवल्यांखालची जागा नीट तपासा. खवल्यांवर राखेसारखे पांढरे कण दिसले, तर ती माइट्सची विष्ठा असू शकते. फिकट जीव फक्त भुशात किंवा लाकडावर असतील आणि सापाच्या अंगावर एकही नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. ओल कमी करून भुसा बदलला की बहुतेक वेळा काम भागते.

धोका किती?

माइट्स वाढल्या की सापाच्या, विशेषतः पिल्लांच्या, अंगातले रक्त कमी होते. साप खाणे सोडतो, कात तुकड्यातुकड्यांत निघते. या माइट्स एरोमोनास जिवाणूचा संसर्ग पसरवू शकतात. अजगर आणि बोआंना होणाऱ्या ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ या जीवघेण्या आजाराच्या प्रसारातही त्यांचा हात असल्याचा संशय आहे. क्वचित त्या माणसालाही चावतात. मग त्वचेवर खाज आणि पुरळ येते.

एकदा साफ करून का भागत नाही?

कारण मादी अंडी सापावर नाही, तर टाकीच्या अंधाऱ्या, दमट फटींमध्ये घालते. अंडे, अळी, बाल्यावस्थेचे दोन टप्पे आणि प्रौढ अशा पाच अवस्थांपैकी फक्त दोनमध्ये माइट रक्त पिते. बाकी वेळ ती सापाच्या अंगावर असेलच असे नाही. उबदार टाकीत हे चक्र दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते. त्यामुळे आज साप स्वच्छ दिसला, तरी फटीतल्या अंड्यांतून काही दिवसांत नवी फौज बाहेर पडते.

उपाय काय?

- साप वेगळ्या डब्यात ठेवा. हात आणि साधने धुतल्याशिवाय दुसऱ्या सापाला हात लावू नका.
- जुना भुसा पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाका. काही आठवडे फक्त साधा कागद अंथरा. त्यावर माइट्स चटकन दिसतात.
- टाकीचे कोपरे, फटी आणि झाकणाच्या कडा गरम पाण्याने घासून कोरड्या करा. फटी असलेले लाकूड काढून टाकणेच बरे.
- सापाला हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात, समोर बसून, थोडा वेळ ठेवा. बऱ्याच माइट्स बुडतात. डोक्यावरच्या मात्र उरतात.
- औषध सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यकाकडूनच घ्या. शेवटची माइट दिसल्यानंतरही उपचार आणि तपासणी काही आठवडे सुरू ठेवा.

काय टाळावे?

डासांचे स्प्रे, डांबरगोळ्या आणि रॉकेल टाकीजवळही नकोत. कुत्र्या-मांजरांची गोचीडनाशके अंदाजाने वापरू नका. घरात कासव असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आयव्हरमेक्टिन हे औषध कासवांसाठी जीवघेणे ठरते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार नाग, घोणस, धामण, भारतीय अजगर असे देशी साप पाळणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ करारात नोंद असलेल्या विदेशी प्रजातींची 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नोंदणीची कागदपत्रे हाताशी ठेवा.

पुन्हा होऊ नये म्हणून...

माइट्स बहुधा नव्या सापासोबत किंवा वापरलेल्या सामानातून घरात येतात. नवा साप किमान एक महिना, शक्यतो तीन महिने, वेगळ्या खोलीत कागदावर ठेवा. पाण्याचे भांडे रोज बदलताना त्याच्या तळाकडे नजर टाका. काळे ठिपके सर्वांत आधी तिथेच दिसतात.