कानांना वीकली ऑफ कधी?

वरात जालना रोडवरून आत वळली की मुकुंदवाडीतल्या खिडक्यांच्या काचा आधी थरथरतात, गाणं कोणतं ते नंतर कळतं. मी इथेच राहते. रेल्वेचा भोंगा, चिकलठाण्याला उतरणारं विमान, रिक्षांचे हॉर्न, सगळं अंगवळणी पडलंय. डीजेचं मात्र तसं नाही. तो डोकंही उठवतो आणि पायही थिरकायला लावतो!

यामागचा फंडा मँचेस्टरच्या टॉड आणि कोडी या संशोधकांनी 2000 साली मांडला. साधारण 90 डेसिबलच्या पुढचा दणदणीत बास कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या इंद्रियालाही जागं करतो. म्हणजे झोपाळ्यावर बसल्यासारखी धमाल!

पण गोड काय, कर्कश काय, हे सगळीकडे सारखं नसतं. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना आपण बेसूर म्हणू अशा स्वरजुळण्याही सुरेल जुळण्यांइतक्याच आवडल्या, असं 2016 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. आवड घरात, गावात घडते.

कान खराब व्हायला मात्र गाव लागत नाही. सॅम्युएल रोझेन या अमेरिकन डॉक्टरांना सुदानमधल्या माबान जमातीतले म्हातारेही छान ऐकणारे आढळले. तिथल्या शांततेचा त्यात वाटा असावा, असं त्यांनी 1962 साली लिहिलं. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली, तर 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं! मिरवणुकीनंतर कानात वाजणारी 'कुंई' ही वॉर्निंग आहे, बॉस.

2000 च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. सवलतीचे मोजके दिवस सोडले, तर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. पण फोन कोण करणार? वरात शेजारच्या काकूंच्या घरची असते, आणि उद्या त्यांच्याकडेच जेवायला जायचं असतं! म्हणून मी सांगते, बोलणं आधी करा. पत्रिका द्यायला येतील तेव्हाच म्हणा, 'काकू, आजोबांना त्रास होतो, आमच्या दारासमोर जरा कमी ठेवा ना.'

आणि हेडफोन? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. ऑफिसचा आठवडाही तेवढाच असतो. तिथे काकू नाहीत. व्हॉल्यूमचं बटण आपल्याच हातात आहे.