साठ पत्त्यांचे गणित

पत्त्यांचा डाव म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रमी, मेंढीकोट, बदाम सात किंवा तीनशे चार उभा राहतो. या सर्व खेळांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पत्त्यांचा कॅट सर्वांचा मिळून एकच असतो. तो पिसला जातो, काटला जातो, वाटला जातो आणि हाती आलेल्या पानांवर ज्याने त्याने आपले कौशल्य दाखवायचे असते. पाने वाईट आली तर दोष नशिबाचा! १९९३ साली अमेरिकेत आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाने नेमके हेच गृहीतक मोडले. या खेळात प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरूनच तयार करून आणतो. हजारो वेगवेगळ्या पत्त्यांतून कोणते घ्यायचे आणि कोणते वगळायचे हे तोच ठरवतो. साहजिकच हाती वाईट पाने आली तर त्यातील बराचसा दोष त्याच्याकडेच जातो.

संग्राह्य पत्त्यांच्या खेळांचा हा आद्य नमुना. त्याच्या पाठोपाठ १९९६ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’चे आणि १९९९ मध्ये ‘यू-गी-ओह’चे पत्ते आले. आपल्याकडील घरांत ही दोन नावे पोहोचली ती प्रामुख्याने कार्टून मालिकांमुळे. परंतु या खेळांतील खरी गंमत चित्रांत नसून ‘डेक’ बांधण्यात, म्हणजेच आपल्या पत्त्यांचा संच जुळविण्यात आहे. नवख्यांची सर्वात जास्त फसगतही तेथेच होते.

गणितज्ञाची कल्पना

या खेळाचा जनक रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा अभ्यासक. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने क्रमचय-संचयाशी निगडित असलेल्या शाखेत डॉक्टरेट मिळविली. पीटर अॅडकिसन यांच्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या सिएटल परिसरातील छोट्या कंपनीकडे तो गेला होता वेगळाच एक पटावरचा खेळ घेऊन. तो छापणे कंपनीला परवडणारे नव्हते. अॅडकिसन यांना हवा होता कमी खर्चात छापता येणारा, खिशात मावणारा आणि खेळप्रेमींच्या मेळाव्यात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत उरकता येणारा खेळ. त्यातून ‘मॅजिक’ जन्माला आला. ऑगस्ट १९९३ मधील पहिल्या आवृत्तीत २९५ प्रकारचे पत्ते होते.

प्रत्येक खेळाडू थोडेफार पत्ते विकत घेईल, दुर्मिळ पत्ते एखाद्याच्याच हाती लागतील आणि त्यामुळे समतोल आपोआप राखला जाईल, अशी निर्मात्यांची अटकळ होती. ती साफ चुकली. लोकांनी पाकिटांमागून पाकिटे फोडली. सुरुवातीच्या नियमांनुसार डेक किमान ४० पत्त्यांचा असे आणि एकाच पत्त्याच्या कितीही प्रती त्यात चालत. परिणामी सामर्थ्यवान पत्त्यांनीच भरलेले डेक दिसू लागले आणि डाव सुरू होताच संपू लागले. त्यामुळे १९९४ मध्ये स्पर्धांसाठी नियम कडक झाले. डेक किमान ६० पत्त्यांचा आणि एकाच नावाच्या जास्तीत जास्त चार प्रती, हा दंडक तेव्हापासून रूढ झाला. आज डेकबांधणीचे सारे शास्त्र या दोन आकड्यांभोवती फिरते.

डाव कसा चालतो

दोन खेळाडू प्रत्येकी २० जीवनगुण घेऊन बसतात. प्रतिस्पर्ध्याचे गुण शून्यावर आणणे हे उद्दिष्ट. सुरुवातीला प्रत्येकी सात पत्ते हाती असतात आणि दर पाळीला एक पत्ता उचलायचा असतो. पहिली पाळी ज्याची असते त्याला मात्र त्या पाळीत पत्ता उचलता येत नाही. आधी खेळण्याच्या फायद्याची ती भरपाई.

पत्ते ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिले ‘लँड’ म्हणजे भूमीचे. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य या पाच भूमी अनुक्रमे पांढरी, निळी, काळी, लाल आणि हिरवी शक्ती देतात. या शक्तीला ‘माना’ म्हणतात. दर पाळीला एकच भूमी मांडता येते. ती आडवी केली की एक माना मिळतो आणि पुढील पाळीच्या आरंभी ती पुन्हा उभी होते. दुसऱ्या प्रकारचे पत्ते माना खर्चून खेळायचे. त्यांत लढणारे ‘क्रीचर’ असतात, तसेच एकदाच वापरायचे मंत्रही असतात. क्रीचरवर दोन आकडे छापलेले असतात, पहिला माऱ्याचा आणि दुसरा तग धरण्याचा. मांडलेल्या पाळीतच त्याला सहसा हल्ला करता येत नाही. हल्ला झाल्यावर कोणाला अडवायचे आणि कोणाचा वार अंगावर घ्यायचा, हे बचाव करणारा ठरवतो. रंगांना स्वभावही आहेत. लाल रंग उतावळा आणि जाळपोळ करणारा, निळा समोरच्याचा मंत्र हाणून पाडणारा, तर हिरवा मोठमोठे प्राणी उभे करणारा.

आधी भूमी

नवखा खेळाडू डेक बांधायला बसला की आकर्षक पत्ते आधी वेचतो आणि उरलेल्या जागेत भूमी भरतो. अनुभवी खेळाडू नेमके उलट करतो. साठ पत्त्यांत साधारण २४ भूमी, हे सर्वमान्य प्रमाण आहे. त्यामागे निव्वळ गणित आहे. २४ भूमी असतील तर पहिल्या सात पत्त्यांत दोन, तीन किंवा चार भूमी येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के असते. एकही भूमी न येण्याची किंवा एकच येण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण सात डावांत एकदा. ‘चार भूमी कमी करू, तेवढेच चार चांगले पत्ते बसतील’ असा विचार करून कोणी २० भूमी ठेवल्या, तर हीच शक्यता जवळजवळ २५ टक्क्यांवर जाते. चारपैकी एका डावात हात बांधून बसण्याची वेळ येते आणि मग ‘नशीबच खराब’ असे म्हटले जाते.

फारच वाईट हात आला तर तो परत पिसण्याची सवलत आहे. २०१९ पासूनच्या नियमानुसार पुन्हा सात पत्ते उचलायचे आणि जितक्या वेळा हात नाकारला तितके पत्ते डेकच्या तळाशी ठेवायचे. सवलत फुकट नाही. प्रत्येक नकाराची किंमत एक पत्ता.

साठ ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. तरीही जाणकार साठच्या वर सहसा जात नाहीत. एखाद्या पत्त्याच्या चार प्रती साठांत असतील तर पहिल्या सातांत त्यातील किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. डेक ८० पत्त्यांचा केला की ती ३१ टक्क्यांवर घसरते. आवडले म्हणून घुसडलेला प्रत्येक पत्ता सर्वोत्तम पत्त्यांना दूर ढकलत असतो. एकच प्रत ठेवली तर ती पहिल्या सातांत दिसण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. त्यामुळे शिकाऊंसाठी एक सोपा आराखडा सांगितला जातो : २४ भूमी आणि उरलेल्या ३६ जागांसाठी नऊ निवडक पत्ते, प्रत्येकाच्या चार प्रती. पुढे अनुभवानुसार त्यात फेरफार होतात.

खर्चाचा चढ

या नऊ निवडी कशा करायच्या? येथे ‘माना कर्व्ह’ म्हणजे खर्चाचा चढ ही कल्पना उपयोगी पडते. दर पाळीला एक भूमी मांडली तर पहिल्या चार पाळ्यांत एक, दोन, तीन आणि चार असे एकूण दहा माना मिळतात. ज्याच्या डेकमध्ये स्वस्त पत्तेच नाहीत, त्याच्या पहिल्या दोन पाळ्या वाया जातात. दहापैकी तीन माना, म्हणजे सुरुवातीची ३० टक्के शक्ती, न वापरताच गेली. न वापरलेला माना पुढच्या पाळीसाठी साठवता येत नाही.

हे तत्त्व ठळकपणे पुढे आले ते १९९६ मध्ये. जे श्नायडर यांनी आखलेला आणि पॉल स्लाय यांनी स्पर्धेत खेळलेला एक लाल डेक तेव्हा गाजला. त्यातील बरेच पत्ते सुटे पाहिले तर कोणी ढुंकूनही पाहू नये असे होते. परंतु ते स्वस्त होते आणि प्रत्येक पाळीचा प्रत्येक माना वापरला जाईल अशा बेताने निवडलेले होते. प्रतिस्पर्धी आपले बडे पत्ते मांडेपर्यंत त्याचे जीवनगुण संपत आलेले असत. अशा डेकला पुढे ‘स्लाय’ हेच नाव पडले.

चढाईचे डेक असे चालतात. दुसरा प्रकार नियंत्रणाचा. समोरच्याचे मंत्र हाणून पाडायचे, ‘रॅथ ऑफ गॉड’सारख्या पत्त्याने मैदानातील सारे क्रीचर एकदम नष्ट करायचे आणि दीर्घ डावात वरचढ ठरायचे, ही त्याची रीत. तिसरा प्रकार जुळणीचा. दोन-तीन ठरावीक पत्ते एकत्र आले की एकाच पाळीत बाजी उलटते. तिन्ही प्रकारांची थोडी थोडी सरमिसळ करणे ही नवख्यांची आणखी एक चूक. डेकला एक निश्चित बेत हवा आणि प्रत्येक पत्त्याने ‘माझे या बेतात काम काय?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

बेत ठरला तरी तो समोरचा पाहून बदलावा लागतो. मायकेल फ्लोरेस यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या एका लेखाचा दाखला आजही दिला जातो. दोन सारख्या प्रकृतीचे डेक भिडले तरी त्यातील एकाला आक्रमकाची आणि दुसऱ्याला बचावाची भूमिका घ्यावीच लागते. जो आपली भूमिका चुकीची ओळखतो तो हरतो, हे त्या लेखाचे सार.

वेळ साधण्याचा धडा

खेळाचे मर्म कळण्यासाठी एक साधे उदाहरण पुरेसे आहे. एका खेळाडूकडे दोन मारा व दोन तग असलेला क्रीचर आहे. हातात ‘जायंट ग्रोथ’ आहे, ज्याने क्रीचरचे दोन्ही आकडे त्या पाळीपुरते तीनने वाढतात. समोरच्याकडे तीन गुणांची इजा करणारा ‘लायटनिंग बोल्ट’ आहे. समोरच्याने आधी बोल्ट टाकला आणि उत्तरादाखल जायंट ग्रोथ खेळला, तर क्रीचर पाच-पाचचा होतो आणि तीनची इजा पचवतो. परंतु पहिल्याने घाई करून जायंट ग्रोथ आधी टाकला, तर समोरचा त्याला उत्तर म्हणून बोल्ट टाकतो. शेवटी आलेला मंत्र आधी लागू होतो, हा येथील नियम. ताटांची चळत रचली की वरचे ताट आधी उचलावे लागते तसेच हे. वाढ होण्यापूर्वीच क्रीचर मरतो आणि जायंट ग्रोथही वाया जातो. पत्ते तेच, केवळ क्रम चुकला म्हणून एकाऐवजी दोन पत्ते गमावले.

अशा लाखो शक्यतांमुळे हा खेळ संगणकशास्त्रज्ञांनाही खुणावतो. अॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की पत्त्यांची विशिष्ट मांडणी करून या खेळात संगणकाचे कोणतेही गणित उभे करता येते. त्यामुळे काही डावांत कोण जिंकणार हे ठरविणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही!

खिशाला चटका

या खेळाची दुसरी बाजू पैशाची आहे. नवे पत्ते बंद पाकिटात मिळतात. २०२४ पासूनच्या नेहमीच्या पाकिटात १४ पत्ते असतात आणि त्यांत दुर्मिळ वर्गातील किमान एक असतो. तो कोणता, हे पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. हवा असलेला पत्ता मिळेल या आशेने पाकिटे फोडत राहण्याची सवय सोडतीच्या तिकिटासारखी लागू शकते. मुलांच्या हाती पैसे देणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. जुन्या पत्त्यांचे भाव तर अचाट आहेत. पहिल्या आवृत्तीतील ‘ब्लॅक लोटस’ हा पत्ता उत्तम अवस्थेत २०२४ मध्ये ३० लाख डॉलरना विकला गेला. काही जुने पत्ते पुन्हा कधीही छापणार नाही, असे वचन कंपनीने १९९६ मध्ये संग्राहकांना दिले. भावांच्या या उड्डाणामागे तेही एक कारण आहे.

परंतु संग्राहकाचा बाजार आणि खेळाडूची गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत. डेक बांधायचा असेल तर पाकिटे फोडण्यापेक्षा आधी यादी करून नेमके सुटे पत्ते विकत घेणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. पाकिटांची खरी मजा ‘ड्राफ्ट’मध्ये. त्यात खेळाडू गोलाकार बसतात, पाकीट फोडून एक पत्ता ठेवतात, उरलेले शेजाऱ्याकडे सरकवतात आणि जमलेल्या पत्त्यांतून ४० पत्त्यांचा डेक बांधतात. तेथे घरची श्रीमंती उपयोगी पडत नाही.

सुरुवात कोठून?

शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी स्वतःचा डेक बांधण्याच्या फंदात पडू नये. २०२४ च्या ‘फाउंडेशन्स’ मालिकेत नवख्यांसाठी २० पत्त्यांचे छोटे संच आहेत. कोणतेही दोन एकत्र पिसले की ४० पत्त्यांचा डेक तयार होतो. संगणकावर व मोबाइलवर चालणाऱ्या ‘मॅजिक : द गॅदरिंग अरेना’मध्ये प्राथमिक धडे विनामूल्य मिळतात. चार मित्र जमत असतील तर ‘कमांडर’ हा प्रकार आहे. त्यात शंभर पत्त्यांचा डेक, प्रत्येक पत्त्याची एकच प्रत आणि ४० जीवनगुण असतात. मात्र इतके वेगवेगळे पत्ते एकाच वेळी मैदानात आले की नवखा गोंधळतो. त्यामुळे आधी दोघांचा साधा डाव पक्का करावा हे उत्तम.

त्यानंतर तयार डेकने दहा-पंधरा डाव खेळावेत आणि प्रत्येक डावानंतर एकच टिपण ठेवावे : कोणता पत्ता हातात पडून राहिला? तोच पत्ता वारंवार पडून राहत असेल तर तो काढावा आणि त्याजागी दुसरा आणावा. एका वेळी दोन-तीन पत्त्यांहून अधिक बदल करू नयेत, नाही तर सुधारणा कशामुळे झाली हेच समजत नाही. हरलेल्या डावानंतर डेकच्या वरचा पुढचा पत्ता पाहून हळहळण्यापेक्षा तीन पाळ्यांपूर्वी कोणता माना न वापरता गेला हे आठवून पाहणे अधिक लाभाचे. पत्ते पिसल्यावर वर काय येईल हे कोणाच्याच हाती नसते. काय येऊ शकेल, हे मात्र डेक बांधतानाच ठरलेले असते.