अष्टपाद डॉक्टर आणि शिशुपालाचे हात

आमच्या खर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते ११ मार्च १७९५ या दिवसामुळे. त्या दिवशी येथील रणांगणावर मराठ्यांनी निजामाचा मोड केला, आणि ज्या किल्ल्यात निजामअल्लीस आश्रय घ्यावा लागला तो किल्ला आजही गावात उभा आहे. त्या किल्ल्याच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांस परशुरामभाऊ पटवर्धन कोण असे विचारले, तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. परंतु डॉक्टर ऑक्टोपस कोण असे विचारताच तिसरीतील पोरसुद्धा पाठ वाकवून, चार अदृश्य हात वळवळत असल्याचा अभिनय करून दाखविते! शिक्षकी पेशातून निवृत्त झालो तरी आमची एक खोड गेलेली नाही. मुले ज्यात रमतात ते आधी स्वतः वाचावे आणि मगच नाक मुरडावे, असा आमचा परिपाठ आहे. त्यास अनुसरून आम्ही या डॉक्टरमजकुरांचे चरित्र समग्र चाळले.

चित्रकथा हा प्रकार आम्हास अगदीच परका नव्हता. १९६४ साली मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघू लागली तेव्हा त्यांतील वेताळ आणि जादूगार मांड्रेक आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचले आहेत. मात्र त्या काळचे खलपुरुष साधे असत. चाचे, चोर, फार तर एखादा कपटी राजा. देहातच काही यांत्रिक फेरफार झालेला खलपुरुष ही मराठी मुलांस मागाहून झालेली देणगी होय.

या अष्टपाद डॉक्टरचा जन्म १९६३ सालचा, अमेरिकेतील. स्टॅन ली हे लेखक व स्टीव्ह डिटको हे चित्रकार. ‘स्पायडर-मॅन’च्या मालिकेतील तिसऱ्या अंकात ऑटो ऑक्टेव्हियस नावाचा एक अणुशास्त्रज्ञ अवतरतो. किरणोत्सर्गी द्रव्ये हाताळणे धोक्याचे. म्हणून त्याने कमरेस बांधावयाचा एक पट्टा तयार केलेला असतो आणि त्या पट्ट्यास चार लांबलचक धातूच्या भुजा असतात. स्वतःचे दोन हात, दोन पाय आणि या चार भुजा मिळून आठ झाले. म्हणून सहकारी त्यास थट्टेने ‘ऑक्टोपस’ म्हणत. पुढे स्फोट होतो, पट्टा देहास कायमचा चिकटतो आणि भुजा मनाच्या नुसत्या इच्छेने हलू लागतात. शुद्धीवर येताच हा गृहस्थ इस्पितळच ताब्यात घेतो!

कल्पनेची ही भरारी वाटते तितकी निराधार नाही, हे वाचकांच्या ध्यानी आणून देणे अगत्याचे वाटते. किरणोत्सर्गी पदार्थ दुरून हाताळणारे यांत्रिक हात १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गोएर्ट्झ यांनी सिद्ध केले होते. जाड शिसेयुक्त काचेच्या अलीकडे मनुष्य उभा राहून दोन मुठी हलवितो. त्याच हालचाली पलीकडच्या बंद कोठडीत धातूचे दोन पंजे करतात. मुंबईस ट्रॉम्बे येथे १९५४ साली अणुशक्ती संस्था स्थापन झाली. १९६७ साली तिला डॉ. होमी भाभा यांचे नाव मिळाले. तेथेही असे हात वापरले जातात, किंबहुना ते तेथे तयारही केले गेले आहेत. म्हणजे ऑक्टेव्हियसच्या भुजांची सख्खी भावंडे आपल्याच मुंबईत इमानेइतबारे काम करीत आली आहेत. त्यांनी कोणाचा गळा दाबल्याचे ऐकिवात नाही.

आता गंमत पाहा. २००४ साली स्पायडर-मॅनचा एक अवतार खुद्द मुंबईत घडविण्यात आला. शरद देवराजन, सुरेश सीताराामन व चित्रकार जीवन कांग यांनी चार अंकांची मालिका काढली. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर. खेड्यातून मुंबईस आलेला, धोतर नेसून इमारतींवरून झेपावणारा मुलगा. मेरी जेनची झाली मीरा जैन. नॉर्मन ऑस्बॉर्नचा झाला नलिन ओबेरॉय. नलिन म्हणजे कमळ. इतक्या कोमल नावाचा राक्षस आमच्या तरी पाहण्यात दुसरा नाही! हा ओबेरॉय एका अमंगल ताइताच्या योगे राक्षस बनतो, आणि त्याच ताइताच्या बळावर एका सौम्य प्रकृतीच्या डॉक्टरला ऑक्टोपस करून सोडतो. पट्टा नाही, अणू नाही, स्फोट नाही. न्यूयॉर्कच्या डॉक्टरला विज्ञान आणि मुंबईच्या डॉक्टरला ताईत! ज्या शहरात ट्रॉम्बे आहे त्या शहरातील खलपुरुषास भुजा फुटण्यासाठी मंतरलेला ताईत लागावा, याचा आम्हास मनापासून राग आला. पुढे २०२३ साली हाच पवित्र चित्रपटातून मराठी बोलीतही अवतरला. त्यातील खलपुरुष मात्र शास्त्रज्ञच आहे, अपघाताने अंगभर काळी विवरे पडलेला. तेवढ्यापुरते समाधान झाले.

परंतु ताईत हा आमचा खरा आक्षेप नव्हे. १९६३ च्या कथेत हा मनुष्य बिघडतो कशाने? इस्पितळातील डॉक्टरांस संशय येतो की त्याच्या मेंदूस इजा झाली असावी. २००४ सालीच आलेल्या दुसऱ्या स्पायडर-मॅन चित्रपटात आल्फ्रेड मोलिना या नटाने हीच भूमिका केली. तेथे भुजांनाच स्वतःची बुद्धी असते, त्यांस आवरणारी मानेवरची चकती जळते आणि मग त्या भुजा धन्याच्या कानी लागतात. मुंबईच्या कथेत सारा दोष ताइताचा. तीन कथा आणि तीन सबबी! दोष कधी मेंदूचा, कधी भुजेचा, कधी ताइताचा. मनुष्याचा स्वतःचा मात्र फारसा कोठेच नाही. चित्रपटाविषयी एवढे न्यायाने सांगितले पाहिजे की अखेरीस ऑक्टेव्हियस त्या भुजांस आज्ञा करतो, त्या ऐकतात, आणि तो आपले घातकी यंत्र स्वहस्ते नदीत बुडवितो.

व्यासांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. सभापर्वातील शिशुपाल जन्मला तो तीन डोळे व चार हात घेऊन, गाढवासारखा ओरडत. आईबाप भयभीत झाले. ज्याच्या मांडीवर बसताच जादा हात गळतील व तिसरा डोळा मावळेल, तोच याचा काळ, अशी वाणी झाली. श्रीकृष्णाच्या मांडीवर तसे घडले. म्हणजे मूल दोन हातांचे, दोन डोळ्यांचे, चारचौघांसारखे झाले. आणि त्यानंतर त्याने शंभर अपराध केले! जादा हात पाळण्यातच गळून पडले होते. दुष्टावा मागे राहिला. उलट जरासंधाचा देह दोन शकलांचा, जरा राक्षसीने सांधलेला. पण भीमाशी त्याचे वैर त्या सांध्यामुळे नव्हते, कोंडून ठेवलेल्या राजांमुळे होते. अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा असून जनकाच्या सभेत पंडितांस भारी पडला. ऋग्वेदात तर अश्विनीकुमारांनी विश्पलेस लोखंडाची जांघ बसवून दिल्याचा उल्लेख आहे, आणि तो देवांच्या उपकारांत मोजला आहे.

कोणी म्हणेल, या पोथीतल्या गोष्टी. तर पोथीबाहेरची सांगतो. खर्ड्याच्या लढाईच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १७९४ मध्ये, लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडील एक वृत्त छापून आले. कावसजी नावाचा एक बैलवाला इंग्रजी फौजेबरोबर होता. तो टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक व एक हात तोडविला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. नंतर पुण्याजवळील विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक बसवून दिले. मेणाचा नमुना कपाळावर पसरून त्याबरहुकूम कातडे कापावयाचे, दोन्ही भुवयांमधली चिंधोटी न तोडता ते खाली वळवावयाचे आणि काथाच्या पट्टीने चिकटवावयाचे, अशी ती क्रिया. ती दोघा इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिली. ते वर्णन वाचून लंडनच्या कार्प्यू नामक शस्त्रवैद्याने १८१४ साली तीच क्रिया केली. सुश्रुताची पोथी ज्यांच्या माजघरात होती त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, आणि ज्याच्या हाती शस्त्र होते तो विटा भाजीत होता; हा विचार आमच्यासारख्यांनी एकदा तरी करावा. असो. ज्या समाजात शूर्पणखेपासून कापलेले नाक हे दुष्टाव्याची खूण ठरले, त्याच समाजातील एका कारागिराने ते नाक परत घडविले.

आमचा एक जुना विद्यार्थी शेतकरी आहे. काही वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा उजवा हात कोपराखाली गेला. पुढे त्याने कृत्रिम हात बसवून घेतला. पुण्यास १९४४ सालापासून, महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी निघालेले, कृत्रिम अवयवांचे केंद्र आहे. तेव्हापासून या विद्येने पुष्कळ मजल मारली असून आता स्नायूंतील सूक्ष्म विजेवर चालणारे पंजेही निघाले आहेत. याचा हात साधाच. पाठीवरून दुसऱ्या खांद्यास गेलेला पट्टा, त्यास तार आणि टोकाला दुबोटी आकडा. खांदा पुढे केला की तार ताणून आकडा उघडतो, सैल सोडला की रबरी कड्यांनी मिटतो. चतुर वाचकांस ऑक्टेव्हियसचा पट्टा आठवलाच असेल. तो गल्लीतील पोरांसही आठवला. “ऑक्टोपस आला रे!” असा गिल्ला होऊ लागला आणि काही महिन्यांतच तो हात खुंटीवर गेला.

आम्ही त्यास कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, नुसत्या थोट्या हाताकडं कुणी बघत नव्हतं. आकडा लावला की पोरं मागं लागतात. बाजारात बाया पोरांना पदराखाली घेत्यात.”

हे ऐकून आम्ही पोरांस ओसरीवर बोलाविले व शिशुपालाची गोष्ट सांगितली. गोष्ट मन लावून ऐकली गेली, परंतु एका चिमुरडीने “मग ते गळलेले दोन हात कुठं टाकले?” असे विचारल्यावर तात्पर्य बाजूलाच राहिले. व्यासांनी ते सांगितलेले नाही. अखेर काम झाले ते निराळ्याच मार्गाने. आमच्या आग्रहावरून तो आकडा लावून आला, आणि बोलता बोलता त्याने चुलीतला धगधगीत निखारा आकड्यात धरून सहज बंबात टाकला. चिमटा नाही, फडके नाही! पोरे अवाक् झाली. “पुन्हा करा, काका!” असे म्हणत त्यांनी त्याच्याकडून पाच निखारे टाकवून घेतले आणि मग आकडा उघडतो कसा हे पाहावयास त्याच्या पाठीमागे रांग लावली.

आता हात खुंटीवर नसतो. पोरांनी दिलेले नाव मात्र सुटले नाही. सारी गल्ली त्यास ‘डॉक्टर’ म्हणते. परवा परगावच्या एका आजीबाईंनी हे ऐकून त्याच्यापुढे गुडघा धरला आणि औषध मागितले, असे तो सांगत होता.