कोळंबीचं तळं खोदायचं, पण तिवरं सोडून

कोळंबी शेतीचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत एक सूचना हमखास येते. खाडीकाठची तिवरं काढू, जागाही मिळेल आणि खारं पाणीही जवळ. ऐकायला सोपं वाटतं. पण तायांनो, कर्ज उचलण्याआधी त्या मातीचा स्वभाव बघू.

तिवरांखालच्या काळ्या चिखलात लोखंड आणि गंधक एकत्र साठलेलं असतं. पाण्याखाली आहे तोवर त्याचा त्रास नाही. जेसीबीने चिखल वर काढून बांध घातला की त्याला हवा लागते आणि आम्ल तयार होतं. बॅटरीत असतं ना, तेच गंधकाम्ल! पाऊस पडला की ते बांधावरून तळ्यात उतरतं. कोळंबीचं कवच मऊ राहतं, वाढ खुंटते, मरही होते. मग चुन्याच्या गोण्या ओतत बसा. फुकटची वाटलेली जागा अशी महाग पडते.

तपासणं अवघड नाही. जागेचा चिखल पसरट भांड्यात घ्या, ओलसर ठेवा, पण हवा लागू द्या. पीएच पट्टीने आज बघा आणि तीन-चार आठवड्यांनी परत बघा. आकडा ४ च्या खाली गेला तर ती जागा नकोच. कोळंबीच्या पाण्याला साधारण साडेसात ते साडेआठ पीएच लागतो.

शिवाय कायदा आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीला बंदी केली आणि तिवरांभोवती ५० मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. सातबारा आपल्या नावावर असला तरी सुटका नाही.

मग तळं कुठे? तिवरांच्या मागे, ५० मीटर सोडून, भरतीच्या पाण्याच्या वर. पंपाचं डिझेल लागेल, ते हिशोबात धरा. भातखाचरात मात्र नको. खार मुरला की शेजारणीची विहीर जाते, आणि त्यावरून होणारं भांडण गटाला मोडतं.

काढणीच्या वेळी तळाचं शेवटचं पाणी सगळ्यात घाण असतं. ते थेट खाडीत सोडू नका. आधी वेगळ्या खड्ड्यात निवळू द्या, त्यात बोय सोडता येते. कोळंबीची पिल्लं, चिंबोऱ्या तिवरांच्या मुळांतच वाढतात, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींचं घर त्याच खाडीवर चालतं.

निमखाऱ्या पाण्यातल्या कोळंबी शेतीची २००५ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. जागेचा नकाशा घेऊन आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा, इसार त्यानंतर द्या.