चित्र कुणाचे, हक्क कुणाचा?

चित्रकलेच्या वाटेला लागलेल्या मुलाला पूर्वी घरातून एकच प्रश्न विचारला जाई : पोटाचे काय? इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवलेली मुलेदेखील या प्रश्नापाशी अडखळत आणि निमूटपणे वाणिज्य शाखेचा अर्ज भरत. आज उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा विद्यार्थी या प्रश्नाचे उत्तर म्हणून मोबाइल पुढे करतो. पडद्यावर डॉलरमधली एक छोटीशी रक्कम असते. त्याने सुटीत घरी बसून काढलेली एखादी नक्षी सातासमुद्रापलीकडच्या कुणीतरी, हा झोपेत असताना, विकत घेतलेली असते. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाला मुंबईत खोली न घेता हे साधते, याचा आनंदच मानला पाहिजे. मी तो मानतो.

माझे काम छपाईच्या धंद्यातले. त्यामुळे अशी मुले आपली कामे दाखवायला येतात. त्यांना मी दोन प्रश्न विचारतो. पहिला सोपा असतो : हे छापायचे ठरवले तर केवढे छापता येईल? समाजमाध्यमांसाठी केलेली १०८० पिक्सेलची चौकट ३०० डीपीआयने छापली, तर जेमतेम साडेतीन इंचांची होते. त्याच दर्जाने ए-थ्री आकाराचा कागद भरायचा तर ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. पडद्यावर झगमगणारा निळा रंग छपाईच्या चार शाईंत तसाच उतरत नाही, हेही तेव्हाच कळते. हे धडे चार दिवसांत शिकून होतात. दुसरा प्रश्न मात्र मुलांना गप्प करतो : तू हे विकलेस, म्हणजे नेमके काय विकलेस?

कॅनव्हास विकला की चित्रकाराची भिंत रिकामी होते. फाइलचे तसे नाही. ती हजारदा विकली तरी आपल्या संगणकात असतेच. याचा अर्थ, येथे विकले जाते ते चित्र नसते. चित्र वापरण्याची परवानगी असते. कुठे वापरायचे, किती काळ, कशासाठी, आणि दुसऱ्या कुणाला तीच परवानगी देता येईल की नाही, या चार गोष्टींत चित्रकाराची सारी कमाई दडलेली असते. आणि नेमक्या त्याच न वाचता मुले ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवून मोकळी होतात.

हा प्रश्न इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती ओलिओग्राफच्या रूपाने घरोघरी पोहोचल्या. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. धंद्याचा ताळमेळ बसेना, तेव्हा तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला, आणि सोबत चित्रे छापण्याचे हक्कही गेले. चित्राखालचे नाव रविवर्म्यांचे राहिले, उत्पन्न दुसऱ्याचे झाले. याच्या उलट दीनानाथ दलालांचे उदाहरण. इतरांच्या अंकांसाठी मुखपृष्ठे काढणाऱ्या या चित्रकाराने १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. मुखपृष्ठ रंगवणारा हातच अंकाचा धनी झाला.

आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा विद्यार्थ्यांना वाटतो तितका त्यांच्या विरोधात नाही. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. पण स्वतंत्रपणे काढलेल्या चित्राचा पहिला हक्क सामान्यतः काढणाऱ्याचाच असतो. तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कायद्याने एवढी काळजी घेतली आहे. ती काळजी एका ओळीने पुसता येते आणि ती ओळ म्हणजे ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’.

माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने मुळाक्षरांचा चित्रसंच काढला होता. ‘ग’ गाढवाचा, ‘भ’ भोपळ्याचा. पण गाढवाच्या पाठीला शिरोरेषेचा बाक आणि भोपळ्याच्या देठात अक्षराची गाठ. परीक्षा सांभाळून तिने त्यावर चार महिने घालवले. एका प्रकाशकाने दोन हजार रुपये देऊन एका कागदावर सही घेतली. वर्षभरात तीच चित्रे वह्यांवर, डब्यांवर, दप्तरांवर आली. तिने संचातले एक अक्षर भेटकार्डावर छापायचे ठरवले, तेव्हा ‘हे आता तुमचे नाही’ असा निरोप आला. कागद वाचला तर निरोप खरा होता. पुढचे सहा महिने तिने पेन्सिल हातात धरली नाही. नुकसान केवळ पैशांचे नव्हते, हे त्यावरून कळावे.

मोठ्या चित्रबाजारांचे गणित वेगळे असले तरी तत्त्व तेच. ‘शटरस्टॉक’ने जून २०२० मध्ये नवी रचना आणली. तीत चित्रकाराचा वाटा १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत ठेवला आणि दर १ जानेवारीला प्रत्येकाने पुन्हा तळाच्या पायरीवरून चढायचे, असा नियम केला. तेव्हा जगभरच्या चित्रकारांनी आरडाओरड केली. पण नियम ठरवण्याचा अधिकार आपण कुणाच्या हाती दिला आहे, हे बहुतेकांना त्या दिवशी प्रथमच कळले.

मात्र हक्काची भाषा दोन्हीकडून बोलावी लागते. आपले चित्र चोरले म्हणून संतापणाऱ्या मुलाच्या संगणकावर कित्येकदा चोरीचे सॉफ्टवेअर आणि चोरीचे फाँट असतात. इंकस्केप, क्रिटा, गिम्प ही साधने फुकट आणि राजरोस मिळत असताना हे होते. इंटरनेटवरून उचललेली वारली नक्षी थोडी फिरवून ‘स्वतःची’ म्हणून विकणारेही पाहिले आहेत. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी ती रेषा जगापुढे नेली. तिच्या मागे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची जिवंत माणसे आहेत. त्यांच्या परवानगीचे काय, हा प्रश्न आपल्याला पडत नसेल, तर आपल्या परवानगीची कदर इतरांनी का करावी?

त्यात २०२२ पासून आज्ञा देताच चित्र काढून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. मुलांना वाटते, आता आपला धंदा बुडाला. काही धंदा बुडेलच. सफरचंदाचे हजारावे चित्र आता कुणी विकत घेणार नाही. परंतु फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका चित्रकथेच्या बाबतीत दिलेला निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. कथेतील मजकुराला आणि मांडणीला त्यांनी संरक्षण दिले, यंत्राने काढलेल्या चित्रांना नाकारले. जिथे हक्कच नाही, तिथे परवानगी कसली विकणार? म्हणून मी मुलांना सांगतो, कच्ची रेखाटने फेकू नका. खोडलेल्या रेषा, तारीख घातलेले कागद, फाइलचे जुने मसुदे हाच तुमचा सातबारा.

आणि शिकायचे ते असे शिका, की विकण्याजोगे काही आपले म्हणून उरेल. र. कृ. जोशी यांनी टाकाने आणि कुंचल्याने अक्षर गिरवत आयुष्य घालवले; विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचा. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट कुणालाही वापरता येतील अशा खुल्या परवान्याखाली दिले. हक्क हातात ठेवून, अटी स्वतः लिहून केलेले ते दान आहे. त्या मुळाक्षरांच्या मुलीनेही दिले, पण काय देते आहोत हे तिला कुणी सांगितले नव्हते. कलाशिक्षणाच्या चार वर्षांत रंगसंगतीचे, अक्षरलेखनाचे इतके तास असतात. त्यांत करारपत्र वाचण्याचा आठवड्याला एक तास मावणार नाही, असे मला वाटत नाही.