‘सगळे सारखेच’ म्हणण्याआधी...

निवडणूक आली की भिशीत, हळदीकुंकवात, भाजीच्या गाड्यावर एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘‘जाऊ दे गं, सगळे एकाच माळेचे मणी!’’ त्यात संताप असतो, थकवाही असतो. आणि तो काही उगीच आलेला नसतो.

जळगावचंच बघा ना. झोपडपट्टीतल्या कुटुंबांना पक्कं घर मिळावं म्हणून तिथल्या पालिकेनं अकरा हजारांहून अधिक घरकुलांची योजना आखली. प्रत्यक्षात उभी राहिली जेमतेम दीड हजार. प्रकरण कोर्टात गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यात दोन माजी मंत्री होते आणि कितीतरी माजी नगरसेवकही. या निकालाला पुढे उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं.

अशा वेळी गरिबाचं फक्त घरच जातं का? पुढच्या खेपेला कुणी खरोखरच चांगली योजना घेऊन दारात आलं, तरी ती बाई म्हणते, ‘‘कशाला फॉर्म भरायचा? मिळणार थोडंच आहे!’’ विश्वास उडाला की माणूस हक्काचंही मागेनासा होतो.

पण मैत्रिणींनो, याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. २००६ मध्ये याविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली ती पालिकेचेच तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी. म्हणजे त्याच इमारतीत, त्याच फायली चाळून ‘हे चूक आहे’ म्हणणारा माणूसही होता. मग सगळे सारखे कसे? आपण सरसकट तसं म्हणतो, तेव्हा खाणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. उलट त्याला बरंच वाटतं, कारण कुणी हिशेब विचारत नाही. नुकसान होतं ते नीट काम करणाऱ्याचं.

किराणावाल्यावर आपला विश्वास असतो, तरी बिल आपण तपासतोच. त्यात भांडण नसतं. मग नगरसेवकाच्या बाबतीतच संकोच कशाला? सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरचे गुन्हे उमेदवाराला शपथपत्रात लिहून द्यावे लागतात. मत देण्याआधी ते वाचता येतं. निवडून आल्यावर माहितीचा अधिकार आहेच. २००५ च्या या कायद्यानं दहा रुपयांच्या अर्जावर वॉर्डातल्या गटारीला किती पैसे मंजूर झाले, किती खर्च झाले, हे विचारता येतं. उत्तर साधारणपणे तीस दिवसांत द्यावं लागतं.

एकटीला अवघड वाटत असेल, तर भिशीतल्या चौघी मिळून एक अर्ज करा. घरखर्चातल्या दहा रुपयांचाही हिशेब लागेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. मग पालिकेत जमा होणारा पैसाही आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीतून गेलेला असतो की!