संघ गावाचा, सातबारा मालकाचा

बेसबॉल हा खेळ आपल्या गावात कोणी खेळत नाही. आम्हीही तो कधी खेळलेलो नाही, आणि त्याचे मैदान डोळ्यांनी पाहण्याचा योगही आलेला नाही. मग युनियनच्या कामात उमर घालविलेल्या माणसाने या व्याख्यानमालेत बेसबॉलवर का बोलावे, असा प्रश्न श्रोत्यांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, आम्ही हा विषय खेळाचा म्हणून हाती घेतलाच नव्हता. अमेरिकेतील कामगार चळवळीची माहिती जमवीत असता कर्ट फ्लड नावाच्या एका खेळाडूच्या खटल्यापाशी आम्ही येऊन पोचलो, आणि तेथून मागे मागे जात ब्रुकलिनच्या एका पाडलेल्या मैदानापाशी थबकलो.

खेळाची ओळख थोडक्यात करून देतो. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने तो दांडक्याने टोलवायचा, आणि चार कोपऱ्यांना शिवत जेथून निघाला तेथे परत यायचे. परत आला की धाव. आजच्यापुरते एवढे पुरे. ध्यानात ठेवण्याची गोष्ट वेगळीच आहे. तेथील संघ आपल्या रणजीच्या संघासारखा कोणा असोसिएशनचा नसतो. तो खाजगी मालकीचा धंदा असतो, आणि नाव मात्र शहराचे लावतो. १९५० च्या सुमारास मोठ्या लीगमधला प्रत्येक संघ हंगामात १५४ सामने खेळे, आणि त्यांतले ७७ स्वतःच्या गावी होत. एप्रिल ते सप्टेंबर गावाचे पाय त्या मैदानाकडे वळलेले असत.

ब्रुकलिन आज न्यूयॉर्कचा एक विभाग आहे. पण १८९८ पर्यंत ते स्वतंत्र शहर होते. मोठ्या शहराने आपल्याला गिळले ही खंत तेथल्या माणसाच्या मनात पुढे कित्येक वर्षे होती. नगरपालिका गेली, महापौर गेला. ब्रुकलिनचे नाव देशभर मिरवणारी एक वस्तू उरली, ती म्हणजे बेसबॉलचा संघ. त्याचे नाव डॉजर्स, म्हणजे चुकविणारे. रस्त्यावर ट्रामगाड्यांचे इतके जाळे होते की ट्राम चुकवीत चालणारे लोक अशी ब्रुकलिनकरांची थट्टा होई, आणि तीच थट्टा संघाने नाव म्हणून घेतली. चार्ल्स एबेट्स या मालकाने कचऱ्याच्या उकिरड्याची जागा तुकड्यातुकड्यांनी विकत घेऊन १९१३ साली तेथे मैदान उभे केले. ते एबेट्स फील्ड. जेमतेम बत्तीस हजार माणसे मावत, आणि खुर्च्या मैदानाला इतक्या लगटून असत की खेळाडूचे बोलणे प्रेक्षकाला आणि प्रेक्षकाची शिवी खेळाडूला स्पष्ट ऐकू जाई.

तेथे हिल्डा चेस्टर नावाची एक बाई गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन बसे आणि ती वाजवून सारे मैदान उठवी. हौशी वाजंत्र्यांचा एक ताफा होता. तो बेसूर वाजवी आणि त्याबद्दलच लोकांना प्रिय होता. धावफलकाखाली एब स्टार्क या कापडवाल्याची जाहिरात होती: या पाटीवर चेंडू मारा आणि सूट जिंका. पाटी जमिनीलगत, आणि पुढे क्षेत्ररक्षक उभा. त्यामुळे सूट फारसे द्यावे लागले नाहीत. हा गृहस्थ पुढे न्यूयॉर्कच्या नगर परिषदेचा अध्यक्ष झाला. आम्ही यात काही सुचवीत नाही.

याच मैदानावर १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन उतरला, आणि मोठ्या लीगमध्ये काळ्या माणसाला साठ वर्षांहून अधिक काळ बंद असलेले दार उघडले. अंतिम मालिकेत मात्र ब्रुकलिनचे नशीब नेहमी फुटके. सात वेळा गाठली, सातही वेळा हरले, आणि दर वेळी ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणत लोक घरी गेले. १९५५ च्या ४ ऑक्टोबरला ते पुढचे वर्ष अखेर आले. श्रीमंत यांकीज संघाला हरवून ब्रुकलिन जिंकले. त्यानंतर दोनच वर्षांनी संघ गाव सोडून गेला.

का गेला? क्लब तोट्यात नव्हता, हे प्रथम सांगितले पाहिजे. तोट्यात असणारे आधी गेले होते. १९०३ पासून पन्नास वर्षे एकही संघ हलला नव्हता. १९५३ मध्ये बॉस्टनचे ब्रेव्ह्ज मिलवॉकीला गेले. बॉस्टनमधील शेवटच्या हंगामात त्यांच्या मैदानावर पुरते तीन लाख प्रेक्षकही आले नव्हते. मिलवॉकीत पहिल्याच वर्षी अठरा लाख आले. हे आकडे प्रत्येक मालकाने पाहिले. पाठोपाठ सेंट लुईसचा एक संघ बाल्टिमोरला आणि फिलाडेल्फियाचा एक कॅन्सस सिटीला गेला. ब्रुकलिनचा मालक वॉल्टर ओमॅली हा वकील. त्याचा हिशेब पक्का होता. मैदान जुने झालेले, मोटारी लावायला जागा सुमारे सातशे गाड्यांची, आणि बरी मिळकत असलेले गोरे कुटुंब युद्धानंतर मोटार घेऊन लाँग आयलंडच्या नव्या वसाहतींकडे निघालेले.

ओमॅलीला ब्रुकलिनमध्येच अटलांटिक अव्हेन्यूच्या रेल्वे स्थानकापाशी नवे मैदान हवे होते. बांधकामाचा खर्च आपण करू, म्हणे. पण तेथील दुकाने आणि घरे सरकारने संपादन करून आपल्याला स्वस्तात द्यावीत. ही सत्ता होती रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याच्या हाती. निवडणूक कधी न जिंकता त्याने न्यूयॉर्कचे रस्ते, पूल आणि उद्याने कित्येक दशके आपल्या मुठीत ठेवली. मोझेसने सांगितले की खाजगी मालकाच्या बेसबॉल मैदानासाठी जमीन घेणे हे सार्वजनिक प्रयोजन होऊ शकत नाही. हवे तर क्वीन्समध्ये शहर मैदान बांधील, तुम्ही भाडेकरू व्हा. ओमॅलीला भाडेकरू व्हायचे नव्हते. १९५६ आणि १९५७ मध्ये थोडे सामने नदीपलीकडे जर्सी सिटीत खेळवून त्याने गावाला इशारा दिला, आणि एबेट्स फील्ड एका बांधकाम व्यावसायिकाला विकूनही टाकले.

सार्वजनिक प्रयोजन हा शब्द आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने तो आपल्या गावोगाव पोचविला आहे. मोझेसने अनेक गरीब वस्त्या रस्त्यांखाली घातल्या. तो काही लोकांचा कैवारी नव्हे. तरी या एका मुद्द्यावर आम्हांला त्याचे म्हणणे बरोबर वाटते, आणि हे लिहिताना आमची आम्हांलाच गंमत वाटते.

२४ सप्टेंबर १९५७ च्या रात्री एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला. प्रेक्षक ६,७०२. ब्रुकलिन २-० ने जिंकले, ऑर्गनवाल्या बाईने निरोपाचे सूर वाजविले, दिवे मालवले. इतकेच लोक का आले, यावरून काही लेखक म्हणतात की गावालाच संघ नको होता. आमचा अनुभव असा की, कारखाना बंद होणार अशी कुजबुज पक्की झाली की शेवटच्या महिन्यात कॅन्टीनमध्येसुद्धा कोणी बसत नाही. जो निघून जायचे ठरवून बसला आहे त्याच्या ओट्यावर कोण जाईल? त्याच हंगामात न्यूयॉर्कचा दुसरा संघ जायंट्स हाही सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. त्यांच्या पोलो ग्राउंड्सवर शेवटच्या दिवशी लोक मैदानात घुसले, आणि हिरवळीची ढेपळे उपसून घरी घेऊन गेले.

आता लॉस एंजेलिसला जाऊ, कारण गोष्टीचा अर्धा भाग तेथे आहे, आणि खेळावर लिहिणारे बहुधा तो गाळतात. शहराच्या मध्याजवळ चावेझ रवीन नावाच्या टेकड्यांत पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे, हातावर पोट असणारे. शेळ्या-कोंबड्या, परसात भाजी, स्वतःचे चर्च. १९५० मध्ये त्यांना नोटिसा आल्या: येथे सरकार तीन हजारांहून अधिक घरांची वसाहत बांधणार आहे, जागा सोडा, नव्या घरांत तुम्हांला अग्रहक्क राहील. बहुतेक कुटुंबे मिळेल तो मोबदला घेऊन गेली. मग कम्युनिस्टविरोधी लाट आली. सरकारने गरिबांसाठी घरे बांधणे म्हणजे समाजवाद, अशी हाकाटी झाली. योजनेचा पुरस्कर्ता अधिकारी फ्रँक विल्किन्सन याला चौकशी समित्यांपुढे उभे करून नोकरीवरून काढले. १९५३ मध्ये योजनेच्या विरोधकालाच लोकांनी महापौर केले. घरे रद्द झाली. जमीन शहराच्या पदरात पडली ती सार्वजनिक प्रयोजनासाठीच वापरावी या अटीवर.

आणि ती जमीन, सुमारे तीनशे एकर, ओमॅलीला मिळाली. बदल्यात त्याने शहराला एक लहान मैदान दिले. जून १९५८ मध्ये यावर मतदान झाले आणि करार थोडक्या मतांनी तरला. पुढे कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानेही तो उचलून धरला. जे प्रयोजन ब्रुकलिनमध्ये सार्वजनिक ठरत नव्हते ते तीन हजार मैलांवर ठरले. मे १९५९ मध्ये शेवटच्या उरलेल्या आरेचिगा कुटुंबाला पोलिसांनी घराबाहेर काढले. एका स्त्रीला हातपाय धरून पायऱ्यांवरून खाली आणले, ते टेलिव्हिजनवर दिसले, आणि मागोमाग बुलडोझर फिरला. नंतर वर्तमानपत्रांनी शोधून छापले की या कुटुंबाची दुसरीकडे घरे आहेत, आणि शहराची सहानुभूती ओसरली. दुसरे घर असले म्हणजे पहिले पाडायला हरकत नाही, हा न्याय आम्हांला समजलेला नाही.

ओमॅलीने स्टेडियम स्वतःच्या पैशाने बांधले, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ते १९६२ च्या एप्रिलमध्ये उघडले, आणि आजही देखणे मानले जाते. इकडे ब्रुकलिनमध्ये २३ फेब्रुवारी १९६० रोजी एबेट्स फील्ड पाडायला सुरुवात झाली होती. पाडकामाच्या लोखंडी गोळ्याला पांढरा रंग देऊन त्यावर बेसबॉलसारखी लाल शिवण रंगविली होती! चार वर्षांनी पोलो ग्राउंड्सही त्याच गोळ्याने पाडले. एबेट्स फील्डच्या जागी बिऱ्हाडांचे उंच मनोरे उभे राहिले, तेही १९६२ मध्येच. तेथे घरांच्या जागी मैदान, येथे मैदानाच्या जागी घरे. आणि त्या मनोऱ्यांच्या आवारात पाटी लागली की येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे.

हे सारे अडविता का आले नाही? आमच्या मते कायद्याची बाजू येथे सर्वांत महत्त्वाची आहे. अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायदा कडक आहे. पण १९२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की बेसबॉल हा राज्याराज्यांमधला व्यापार नव्हेच, म्हणून तो कायदा त्याला लागू नाही. या सवलतीच्या आडोशाने मालकांनी दोन गोष्टी राखल्या. एक, कोणता संघ कोठे राहील हे आपसांत ठरविण्याचा अधिकार. दुसरी, राखीव कलम. त्यानुसार करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबाचा राही; क्लबाने ठेवला तर खेळायचे, दुसऱ्याला दिला तर तेथे जायचे, नाहीतर खेळ सोडायचा. खुद्द रॉबिन्सनला डिसेंबर १९५६ मध्ये जायंट्सकडे देऊन टाकले. त्याने खेळ सोडला, गेला नाही. मालक तीन हजार मैल जाऊ शके. खेळाडू रस्ता ओलांडून दुसऱ्या क्लबात जाऊ शकत नसे.

कर्ट फ्लड हा सेंट लुईसचा खेळाडू. बारा हंगाम तेथे खेळल्यावर ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाकडे पाठविले. त्याने लेखी कळविले की, मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळविणाऱ्याने कसली तक्रार करावी, असे लोक म्हणाले. हे वाक्य आम्ही आमच्या फाटकावर फार लहान आकड्यांसाठी ऐकले आहे. खेळाडूंच्या युनियनने त्याला पाठिंबा दिला. तिचा नेता मार्विन मिलर पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला होता. १९७२ मध्ये फ्लड पाच विरुद्ध तीन मतांनी हरला; त्याचा खेळ तोवर संपला होता. पण युनियनने लवादाची वाट धरली, आणि डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने राखीव कलम मोडले. १९९८ मध्ये फ्लडच्या नावाचा कायदा झाला, त्याच्या मृत्यूनंतर. त्याने खेळाडूंना नोकरीच्या बाबतीत मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण दिले. संघाचे स्थलांतर मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले. खेळाडूंची संघटना होती, म्हणून खेळाडू सुटले. प्रेक्षकांची, मैदानावर शेंगदाणे विकणाऱ्यांची आणि दारावर तिकिटे फाडणाऱ्यांची बाजू मांडायला त्या टेबलापाशी कोणी नव्हते.

कोणी म्हणेल, हे आपल्याला काय होय? पुण्याच्या नावाचा एक संघ आयपीएलमध्ये २०११ ते २०१३ खेळला, दुसरा २०१६ आणि २०१७ मध्ये. दोन्ही गेले, कोणी रडले नाही. खरे आहे. तीन वर्षांत कोणाचा जीव जडत नाही. एबेट्स फील्डवर पंचेचाळीस हंगाम झाले होते. आजोबांनी नातवाला तेथे नेले होते.

याहून वेगळी व्यवस्था होऊ शकते काय? अमेरिकन फुटबॉलमध्ये एक उदाहरण आहे. ग्रीन बे या लहानशा गावाचा पॅकर्स संघ १९२३ पासून लोकांच्या भागभांडवलावर चालतो. भागधारकाला लाभांश मिळत नाही, आणि कोणी एकटा तो विकू शकत नाही. म्हणून तो अजून ग्रीन बेमध्येच आहे. मात्र त्या लीगने पुढे नियमच केला की असा दुसरा संघ होऊ द्यायचा नाही.

फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीला गेलेला तो ॲथलेटिक्स संघ १९६८ मध्ये ओकलंडला आला आणि सत्तावन्न हंगाम राहिला. मग मालकाने लास व्हेगासशी बोलणी केली. जून २०२३ मध्ये एका रात्री ओकलंडचे लोक मुद्दाम हजारोंनी मैदानावर आले, अंगात ‘विकून टाक’ असे लिहिलेले सदरे घालून. संघ नको असे नव्हे, तुझी मालकी नको, एवढे त्यांना दाखवायचे होते. त्याच महिन्यात नेवाडा राज्याने नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा मंजूर केला. तेथील शिक्षकांच्या युनियनने, आधी शाळा, मग स्टेडियम, असे म्हणत त्यावर जनमत घ्यावे यासाठी खटपट केली. न्यायालयाने अर्जाचा मसुदाच अमान्य केला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमध्ये शेवटचा सामना झाला, त्याला ४६,८८९ लोक होते. लास व्हेगासचे स्टेडियम बांधून होईपर्यंतची सोय म्हणून २०२५ च्या हंगामापासून संघ वेस्ट सॅक्रामेंटो शहरातल्या एका लहान मैदानावर खेळू लागला. सॅक्रामेंटोचे नाव त्याने लावलेले नाही. ओकलंडचे काढून टाकले. नुसते ॲथलेटिक्स.